तारेची खाच

पार्सलला चिकटपट्टी इतकी गुंडाळली होती की आत जणू हिरेच असावेत. धाकट्यानं ती कात्रीनं कापली, वर्तमानपत्राचे बोळे बाजूला सारले आणि चार जुने पाइप टेबलावर रांगेनं मांडले. दर महिन्या-दोन महिन्यांनी त्याचा हा उद्योग चालायचा. फोनवर लिलाव बघायचे, कुणाच्या तरी मेलेल्या बापाचे, काकाचे, सासऱ्याचे तंबाखूचे पाइप घ्यायचे, घासूनपुसून लख्ख करायचे आणि पुन्हा फोनवरच विकून टाकायचे. स्वतः त्यानं आयुष्यात एक झुरका मारला नव्हता. पहिला पाइप उचलला, वाटीत काजळीचं कीट बोटभर. दुसरा तडकलेला. तिसरा बरा होता. चौथा उचलला आणि सवयीनं दांडीच्या टोकाखाली, जिथं दात रोवले जातात तिथं, अंगठा फिरवला. अंगठा अडकला. दांडीच्या डाव्या बाजूला खालून एक खाच होती, नखाच्या कोरीएवढी, वाकडी, आणि तिच्या शेवटी टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा. धाकट्यानं दांडी खिडकीकडे नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांशी धरून पाहिली. मग खुर्चीवर बसला. बायकोनं आतून विचारलं, "आली का तुमची थोटकं?" त्यानं दांडी पुन्हा उजेडात धरली.

दुसऱ्या कुणाला त्या खाचेनं काही सांगितलं नसतं. पण तोंडं हा त्याचा धंदा होता. घरात त्याला धाकटा म्हणत, आणि चोपन्न वर्षांचा होऊन टक्कल पडलं तरी तो धाकटाच राहिला होता. बाहेर मात्र दातांचे डॉक्टर त्याला कारागीर म्हणत. एका इमारतीच्या मागच्या खोलीतल्या छोट्या कारखान्यात बसून तो तीस वर्षं कवळ्या बनवत आला होता. माणसं त्याला कधी दिसली नाहीत, दिसले ते त्यांच्या जबड्यांचे प्लास्टरचे ठसे. कोण रात्री दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं, कोणाला राग गिळायची सवय आहे, हे त्याला ठशावरून कळायचं. आणि ही खाच दातानं पडलेली नव्हती. ती तारेनं पडलेली होती. अर्ध्या कवळीला शेजारच्या शाबूत दातावर अडकवायला तारेचा एक आकडा असतो, त्याचं टोक आत वळवून घासून टाकायचं असतं. चोविसाव्या वर्षी, धंद्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं संपूर्ण केलेल्या कवळीत, धाकट्यानं ते टोक वळवलं नव्हतं. विसरला होता. ती कवळी बाबांची होती. माणूस आपलं अक्षर तीस वर्षांनी ओळखतो, तशी त्यानं आपली चूक ओळखली.

काय उत्साह होता त्या दिवशी! डब्यात कापसावर ठेवून त्यानं कवळी घरी आणली होती. बाबा नकाशे काढायचे, घरांचे नकाशे. नोकरीतून सुटले तरी खिडकीपाशी उतरता फळा मांडून दिवसभर रेघा ओढत बसायचे, तोंडात पाइप, कधी पेटलेला, बहुतेकदा विझलेला. त्यांनी कवळी तोंडात बसवली, जबडा इकडे हलवला, तिकडे हलवला आणि म्हणाले, "उं." बस्स. दुसरं अक्षर नाही. जेवताना ती काढून ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाले, "टोचते." दादा हसला. दादा मोठा, दादाला हसायची मुभा होती. धाकटा म्हणाला, "आणा, मी घासून देतो. पाच मिनिटांचं काम." तर बाबा म्हणाले, "राहू दे. तू हात लावलास तर उरलेलंही जाईल." त्यावर आईसुद्धा हसली होती. ते वाक्य धाकट्याच्या पोटात जे जाऊन बसलं ते तीस वर्षं तिथंच. किती कवळ्या केल्या त्यानंतर, हजारोंनी. प्रत्येक आकड्याचं टोक तो तीन-तीनदा तपासायचा, बोटावर फिरवायचा, जिभेवर फिरवायचा. कारखान्यातली पोरं चेष्टा करायची, मास्तर तारेला पापे देतात म्हणून. आणि बाबा ती टोचणारी कवळी मरेपर्यंत तोंडात घालून फिरले. नवी करू दिली नाही की दुरुस्त करू दिली नाही. धाकट्याला वाटायचं, हा माणूस मला शिक्षा करतोय. रोज तीन वेळा, ताटावर बसून, न बोलता.

बाबा गेले त्याला अकरा वर्षं झाली. शेवटी ते दादाकडेच होते. सगळं आटोपल्यावर आठवड्यानं धाकटा दादाच्या दारात उभा राहिला होता, चपलासुद्धा न काढता, आणि म्हणाला होता, "मला काही नको. फक्त त्यांचा पाइप दे." दादा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तो बाबांबरोबर दिला. त्यांच्या खिशात ठेवला." त्या एका वाक्यानं धाकटा दारातच रडला होता. वडील गेल्यावर नव्हता रडला, तेव्हा रडला. याला सुचलं, मला सुचलं नसतं, म्हणून तर हा मोठा, असं त्याला वाटलं होतं. पुढं अकरा वर्षं तो ही गोष्ट लोकांना सांगत आला. दादानं जागेचा मोठा वाटा घेतला, धाकटा बोलला नाही. दादाच्या घरी सणासमारंभाला शेवटी बोलावणं यायचं, बोलला नाही. बायको म्हणायची, "दादांचं तुम्हाला सगळं गोड." तो म्हणायचा, "ज्या माणसाला बापाच्या खिशात पाइप ठेवायचं सुचतं, तो माणूस वाईट नसतो." या एका खुंटीला त्यानं दादावरची सगळी माया टांगून ठेवली होती. आणि आता ती खुंटी वर्तमानपत्राच्या बोळ्यातून निघून टेबलावर पडली होती.

विकणाऱ्याला त्यानं फोनवर लिहून विचारलं, चौथा पाइप कुठून मिळाला? तासाभरानं उत्तर आलं, भंगाराच्या खोक्यात, खूप वर्षांपूर्वी, कुठल्या घरचं ते आठवत नाही, काही खराब आहे का साहेब? धाकट्यानं लिहिलं, नाही, छान आहे. मग आत जाऊन बायकोला सगळं सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं, ऐकून घेतलं. "अकरा वर्षांनी काय उकरून काढायचंय आता? विकला असेल, फेकला असेल. मेलेल्या माणसाला काय फरक पडतो?"

"मेलेल्याचं कोण बोलतंय? मला सांगितलं ना खोटं! तोंडावर!"

"मग करा फोन. भांडा आणि मोकळे व्हा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, शेवटी लागायचं ते आपल्यालाच."

त्यानं दादाला फोन केला, पण भांडला नाही. रविवारी ये, जरा काम आहे, एवढंच म्हणाला. फोनवर भांडण्यात काय अर्थ? दादा फोनवर उडवून लावण्यात पटाईत. समोर बसवायचा, पाइप हातात द्यायचा, अंगठा त्या खाचेवर टेकवायचा आणि विचारायचं, हे काय आहे? बस्स, एवढंच. आवाज चढवायचा नाही. दादानं एकदा म्हणायला हवं होतं, हो, मी खोटं बोललो. त्यासाठी धाकट्याला ती खाच पाहिजे होती. ती सोडली तर त्या पाइपमध्ये ओळखीचं काही नव्हतं. असले सरळ दांडीचे पाइप ढिगानं मिळतात. पाइप त्यानं रुमालात गुंडाळून वेगळा ठेवला. एरवी काम हाती घेण्याआधी तो प्रत्येक पाइपचा सगळ्या बाजूंनी फोटो काढायचा, आधीचा एक आणि नंतरचा एक, गिऱ्हाइकाला फरक दिसावा म्हणून. याचा काढला नाही. विकायचा असता तर काढला असता.

तो आठवडा त्यानं दातओठ खात काढला. कारखान्यात मेण वितळवताना, प्लास्टर कालवताना, चाकावर कवळी धरून चकाकी आणताना डोक्यात एकच नाटक चालू. दादा असं म्हणेल, मग मी तसं म्हणेन. दादा म्हणेल, कशावरून बाबांचा? मी म्हणेन, लाव अंगठा. दादा गप्प होईल. मग मी म्हणेन, खिशात ठेवला होतास ना? कुठल्या खिशात? या शेवटच्या वाक्यावर त्याला दर वेळी बरं वाटायचं. आणि त्याबरोबर जुनं जुनं वर यायला लागलं. दादाच्या जुन्या वह्यांची कोरी पानं फाडून शिवलेली आपली वही. दादाला सायकल, आपल्याला दादाची सायकल. बाबा नकाशा काढताना दादाला शेजारी बसवून घ्यायचे, आणि धाकटा जवळ गेला की म्हणायचे, "शाई सांडशील, लांब हो." एकदा खरंच सांडली होती. पण एकदाच! त्या एका डागावरून माणसाला जन्मभर लांब हो म्हणायचं? अशा वेळी हातातली कवळी गरम व्हायची आणि मग लक्षात यायचं, आपण त्याच कवळीला दहा मिनिटं चकाकी देत बसलोय.

शनिवारी सकाळी त्याला सुटी होती. मागच्या गॅलरीत त्यानं नेहमीचा पसारा मांडला. स्पिरिटची बाटली, दांडीची नळी आतून साफ करायच्या केसाळ तारा, कानस, बारीक होत जाणारे पॉलिशचे कागद, मेण, चकाकी आणायचं छोटं चाक आणि स्पिरिटचा छोटा दिवा. चारी पाइपच्या दांड्या काढून फडक्यावर ठेवल्या. चौथीचं तो फक्त वरचं पिवळं बुळबुळीत पुसणार होता. जुनं रबर उन्हाहवेनं पिवळं पडतं, त्या पिवळटपणात खाच नीट उठून दिसत नव्हती. दादाचे डोळेही आता अधू. काळ्याभोर दांडीवर ती कशी लख्ख दिसेल. खरं म्हणजे काही करायची गरज नव्हती. पण मळकी वस्तू तशीच्या तशी कुणाच्या हातात द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. पिवळं पुसून झालं. खाच दिसायला लागली, काय सुरेख दिसायला लागली! त्यानं ती दांडी फडक्यावर ठेवली आणि बाकीच्या तिन्हींचं काम सुरू केलं. या दांड्यांचं रबर मोठं विलक्षण असतं. दातांनी कितीही चावून खड्डे पाडा, ज्योतीवरून दोनदा-तीनदा अलगद फिरवलं की ते ऊब धरतं आणि आपला मूळचा आकार आठवून वर उचललं जातं. वीस वर्षांचे दात दहा सेकंदांत पुसले जातात. उरलेसुरले ओरखडे कानस आणि कागद काढतात. धाकट्याला या कामात फार गंमत वाटायची. पहिली दांडी झाली, बाजूच्या डब्यात गेली. डोक्यात नाटक सुरू होतं. दादा म्हणाला, अरे, तू माझ्यावर संशय घेतोस? दुसरी झाली. धाकटा म्हणाला, संशय नाही, लाव अंगठा. दादा खाली बघायला लागला. आज नाटक फारच रंगलं होतं, आज वहिनीसुद्धा त्यात आली, ओशाळून उभी राहिली. तिसरी झाली. दादा म्हणाला, चुकलं माझं. धाकटा म्हणाला, चुकलं म्हणतोस? अकरा वर्षं मी गावभर तुझा मोठेपणा सांगत फिरलो! ज्योत, कानस, जाडा कागद, बारीक कागद, त्याहून बारीक. त्यानं सवयीनं दांडीखाली अंगठा फिरवला. गुळगुळीत. लोण्यासारखी. वा, झकास उतरली, असं त्याच्या मनात आलंसुद्धा. मग त्यानं फडक्यावर पाहिलं. फडकं रिकामं होतं.

दिवा जळत होता. दांडी उलटीसुलटी करून त्यानं भिंग लावून पाहिली, उन्हात धरून पाहिली, नख ओढून पाहिलं. काही नाही. तीस वर्षांत एवढं स्वच्छ काम क्वचितच झालं असेल. तू हात लावलास तर उरलेलंही जाईल. बाबा कुठं तरी बसून हसत असणार, ताटाशेजारी कवळी ठेवून. "अहो, चहा!" बायकोची हाक आली. आणि मग धाकट्याच्या अंगात काय संचारलं देव जाणे. गेलंच आहे तर सगळंच जाऊ दे, म्हणून त्यानं त्या पाइपची वाटी उचलली, आतलं कीट खरवडून काढलं, काठावरची काडीनं जळालेली काळी कड घासून टाकली, लाकडाला मेण चढवलं आणि चाकावर धरून असा काही चमकवला की त्यात गॅलरीचे गज दिसायला लागले. चहा गार झाला. बायकोनं येऊन पाहिलं, चार चकचकीत पाइप पाहिले, त्याचा चेहरा पाहिला. तिला कळलं. ती एकच म्हणाली, "यातला कुठला?" त्यानं बोट दाखवलं. तिनं डोळ्याला पदर लावला आणि त्याला तेही आवडलं नाही.

रविवारी दादा आला. गुडघे धरत दोन जिने चढून आला, खुर्चीत बसला, पाणी प्याला. एकसष्टीतच तो बाबांसारखा दिसायला लागला होता, तेच लांब कान, तेच उगाच खाकरणं. काय काम आहे म्हणून त्यानं विचारलंही नाही. त्याची नजर टेबलावर गेली. "अरे वा! हे सगळे तू केलेस? नवे कोरे वाटतायत." धाकटा तो चौथा पाइप घेऊन त्याच्या हातात देऊन बसला. का दिला, त्यालाच माहीत नाही. दादानं पाइप फिरवून पाहिला. फिरवता फिरवता त्याचा चेहरा उतरला. आणि मग दादाचा अंगठा आपोआप दांडीच्या टोकाखाली गेला. डाव्या बाजूला. अंगठा एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला.

"हुश्श," दादा म्हणाला आणि मागे टेकला. "एक मिनिट मला वाटलं, हा बाबांचाच."

"कशावरून नाही?"

"खाच नाही ना. त्यांच्या पाइपला इथं खाच होती. तो असता तर आंधळ्यानंसुद्धा ओळखला असता." त्यानं खिशातून रुमाल काढून मान पुसली. "बरं झालं बाबा, हा तो नाही. एक सांगू? रागावशील तू. पण आता किती वर्षं पोटात ठेवायचं. तो पाइप मी त्यांच्या खिशात-बिशात नव्हता ठेवला. तुझ्या वहिनीनं खोली आवरली, तंबाखूच्या वासानं तिला मळमळायचं, तर सगळं खोक्यात भरून भंगारवाल्याला दिलं. मला दुसऱ्या दिवशी कळलं. आणि तू आलास दारात. चपलासुद्धा काढल्या नाहीस. तुझ्याकडे बघून भंगारात गेला म्हणवेना रे. तोंडातून निघून गेलं, बाबांबरोबर दिला. मग तू रडायला लागलास. मग काय सांगणार?"

आठवडाभर ज्या वाक्यासाठी धाकटा झुरला ते वाक्य असं आयतं, पायातली चप्पल काढून ठेवावी तसं समोर आलं होतं. त्याला काहीच झालं नाही. राग शोधला तर राग मिळेना. डाव नव्हता, कपट नव्हतं, विकूनही काही खाल्लं नव्हतं. नुसता एक भित्रा माणूस दारात उभा होता आणि काहीतरी बोलून गेला होता. त्यावर आपण अकरा वर्षं इमला बांधला. बायकोनं चहा आणून ठेवला आणि ती आत गेली नाही, दाराशी उभी राहिली.

"ती खाच तुझ्या एवढी लक्षात आहे?" धाकट्यानं विचारलं.

"नसेल तर काय! तुझ्याच तारेची ना ती. रोजचं होतं आमच्याकडे." दादा एकदम हलका झाला होता, डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखा बोलायला लागला. "पाइप तोंडात धरायचे, असा डावीकडे, आणि ते तुझं तारेचं टोक बरोबर दांडीत जाऊन बसायचं. खट्ट. मग दोन्ही हात सोडायचे आणि मला दाखवायचे, बघ, हलतोय का! एका हातात पट्टी, एका हातात पेन्सिल, दिवसभर रेघा. आधी बिचाऱ्यांचा पाइप सारखा घसरायचा, नकाशावर राख पडायची. डॉक्टर दोनदा म्हणाले, कवळी जुनी झाली, नवी करू. तर म्हणाले, खबरदार, धाकट्याच्या हातचं माप आहे ते, दुसऱ्याला जमायचं नाही."

"टोचते म्हणायचे."

"टोचायचीच. जेवताना टोचायची, म्हणून तर काढून ठेवायचे. पण पाइपसाठी पाहिजे होती."

"मग मला का नाही कुणी सांगितलं?" धाकट्याचा आवाज चढला. आठवड्यात पहिल्यांदा चढला. "तीस वर्षं, दादा! एकानं तरी सांगायचं!"

दादा हसला. प्रेमानंच हसला. "तुला? अरे, तुला सांगितलं असतं तर तू ती नीट करून ठेवली असतीस. आणखी चांगलं करून देतो म्हणाला असतास. बाबा म्हणायचे, त्याला यातलं कळू देऊ नका, त्याला अर्धवट काही बघवत नाही, घासून टाकेल." त्यानं चहा संपवला, पाइप पुन्हा हातात घेतला, वर-खाली केला. "हा देतोस का मला? तो नाही तर नाही. असाच होता साधारण. त्यांचं म्हणून माझ्याकडे काहीच नाही रे. तुझ्याकडे निदान हातातली कला तरी आहे."

दाराशी बायको चुळबुळली. धाकट्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. आता सांगता आलं असतं. हाच तो, दादा. मीच काल घासून टाकली खाच. दादानं विश्वास ठेवला असता की नसता, हा पुढचा प्रश्न. धाकट्यानं तोंड उघडलं.

"तो विकला गेलाय," तो म्हणाला. "उद्या पाठवायचाय. बाकीच्यांतला घे हवा तर." तोंडातून निघून गेलं.

दादानं तिसरा निवडला, खिशात घातला, खिशावर दोनदा थोपटला आणि गुडघे धरत उतरून गेला. बायको म्हणाली, "काय मिळवलंत?" आणि कपबशा उचलून आत गेली. धाकटा गॅलरीत आला. फडक्यावर कानस तशीच पडली होती. आकड्याचं माप त्याच्या बोटांत होतं. दोन मिनिटांत तश्शी खाच पाडता आली असती, खुद्द बाबांना फरक कळला नसता. त्यानं कानस उचलली आणि खाली ठेवली. मग इकडे-तिकडे पाहून, आयुष्यात पहिल्यांदाच, त्यानं पाइप तोंडात धरला. डावीकडे. मेणाची कडवट चव आली. दात आवळले, आणखी आवळले, आणि दोन्ही हात हळूच सोडले. दांडी गुळगुळीत होती. पाइप घसरून फरशीवर पडला.